तलाव हिरवे पडतायत, कायदा नेमकं काय करू शकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तलावात खतांचं आणि सांडपाण्याचं पाणी उतरतं आणि तलाव हिरवा होतो, इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचे प्रश्न मात्र तेच तेच येतात, कायदा करून काय होणार, शेतकऱ्याला का त्रास, किती वर्षं लागतात वगैरे. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबलीयत, विषयच तसा आहे.

पोषकद्रव्यं म्हणजे चांगली गोष्ट ना, मग त्याला प्रदूषण का म्हणायचं?

पिकाला चांगली तीच शेवाळालाही चांगली, तिथेच सगळी गोची आहे. नायट्रोजन आणि फॉस्फरस शेतात पडले तर पीक वाढतं, तेच पावसाबरोबर वाहून तलावात गेले की शेवाळ वाढतं, आणि शेवाळाला फार थोडं पुरतं. शेतकऱ्याच्या हिशेबात जे नुकसान किरकोळ, म्हणजे एकरामागे अर्धा-पाऊण किलो फॉस्फरस वाहून गेला तर त्याला जाणवणारही नाही, तेवढंच तलावाला आजारी पाडायला भरपूर असतं. फॉस्फरस लिटरमागे मिलिग्रॅमचे काही शतांश भाग झाला तरी तलाव हिरवागार होऊ शकतो. त्यामुळे "मी काय एवढं खत टाकत नाही" हे प्रत्येकाचं म्हणणं खरं असू शकतं आणि तरीही तलाव मरू शकतो.

फॉस्फरस की नायट्रोजन? कायद्यात नक्की कुणाला धरायचं?

यावर सगळ्यात गाजलेला प्रयोग कॅनडाचा. ओंटारियो प्रांतात एक्सपेरिमेंटल लेक्स एरिया म्हणून भाग आहे, तिथे छोटे छोटे तलावच्या तलाव प्रयोगासाठी राखून ठेवलेत. १९७३ साली तिथल्या २२६ नंबरच्या तलावाच्या मधोमध प्लॅस्टिकचा पडदा लावून दोन भाग केले, दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, पण फॉस्फरस एकाच बाजूला. फॉस्फरसवाली बाजू हिरवी झाली, दुसरी नाही. वरून काढलेला तो फोटो एकदा पाहिला की कुणी विसरत नाही आणि शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांच्या टीमच्या या कामाने त्या काळातला मोठा वाद मिटवला, कारण साबण कंपन्यांच्या बाजूने बोलणारे लोक तेव्हा म्हणत होते की दोष कार्बनचा आहे.

शेजारच्या २२७ नंबरच्या तलावात १९६९ पासून खत टाकतायत, १९९० नंतर नायट्रोजन टाकणं पूर्ण बंद केलं, फक्त फॉस्फरस, तरी शेवाळ येतच राहिलं, कारण निळं-हिरवं शेवाळ हवेतला नायट्रोजन स्वतः ओढून घेऊ शकतं. म्हणून गोड्या पाण्याच्या तलावांचे बहुतेक कायदे फॉस्फरसवर बेतलेले असतात.

पण नायट्रोजन सोडून द्या असं मी म्हणणार नाही. काही तलावांत नायट्रोजनच कमी पडत असतो, न्यूझीलंडचा टाउपो तलाव त्यातलाच, आणि शेवाळाचं विष किती तयार होतं यातही नायट्रोजनचा हात असतो असं दिसलंय. शिवाय तलावातलं पाणी पुढे नदीतून समुद्रात जातं, तिथे नायट्रोजनचं महत्त्व जास्त. तलाव बघून ठरवावं, एका तलावाचा कायदा उचलून दुसऱ्याला चिकटवू नये.

हिरवं पाणी दिसायला वाईट, वास येतो, ठीक आहे, पण त्यासाठी एवढा कायदा कशाला?

वासापुरतं असतं तर कदाचित नसता लागला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात पहाटे लोकांना कळवलं गेलं की नळाचं पाणी पिऊ नका, आणि उकळून तर अजिबात पिऊ नका. शहराचं पाणी अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या एरी तलावातून येतं, त्यात शेवाळाचं मायक्रोसिस्टिन नावाचं विष सापडलं होतं, ते यकृतावर हल्ला करतं आणि उकळल्याने नष्ट होत नाही, उलट पाणी आटून जास्त घट्ट होतं. चार लाखांहून जास्त माणसं जवळजवळ तीन दिवस नळाचं पाणी पिऊ शकत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेची आयुष्यभर रोज प्यायच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला फक्त १ मायक्रोग्रॅम आहे, यावरून ते किती जहाल असेल बघा.

त्याआधी २००७ मध्ये चीनच्या ताइहू तलावाकाठी वूशी शहरात असंच झालं, सुमारे २० लाख लोकांना नळाचं पाणी काही दिवस पिता आलं नाही.

आणि माणसं सोडून द्या, शेवाळ मेल्यावर ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, तळाशी मासे राहू शकत नाहीत, काठावर पाणी प्यायलेली गुरं आणि कुत्री मरतात. हे सगळं झाल्यावर पाणी शुद्ध करायला जो खर्च येतो तो पाणीपट्टीतून सगळ्यांच्याच माथी येतो, ज्याने घाण केली नाही त्याच्याही.

सांडपाण्यावर कायदे आहेतच की सगळीकडे. मग नवीन काय हवंय?

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

प्रदूषण दोन तऱ्हेने येतं. एक पाइपातून, म्हणजे कारखाना, शहराचं सांडपाणी केंद्र, तिथे पाइपाच्या तोंडाशी उभं राहून बाटली भरता येते, मोजता येतं, परवाना देता येतो, दंड करता येतो. दुसरं पसरून येतं, शेतं, गोठे, हिरवळी, रस्ते, घरांच्या मागचे शोषखड्डे, पाऊस पडला की सगळीकडून थोडं थोडं, याला पाइप नाही आणि तोंडही नाही, त्यामुळे कायद्याला पकडायला जागाच सापडत नाही.

अमेरिकेचा १९७२ चा क्लीन वॉटर अ‍ॅक्ट पाइपवाल्या प्रदूषणावर जबरदस्त चालला, पण त्यात शेतातून पावसाबरोबर येणारं पाणी आणि सिंचनाचं परत येणारं पाणी हे परवान्याच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेलं आहे. खूप मोठ्या बंदिस्त पशुपालन केंद्रांना परवाना लागू शकतो, पण साध्या शेतातलं वाहणारं पाणी बाहेर. १९८७ मध्ये पसरून येणाऱ्या प्रदूषणासाठी वेगळं कलम घातलं, पण ते मुख्यतः अनुदानाचं आणि योजना बनवायचं आहे, सक्तीचं नाही. म्हणजे झालं काय, एका बाजूला शहरांनी मोठा पैसा घालून पाइप साफ केले आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडंच राहिलं, आणि आज ज्या तलावांची आपण चर्चा करतोय त्यातल्या बऱ्याच तलावांत पोषकद्रव्यं त्या उघड्या दारातून येतायत. नवीन कायदा हवा तो त्या दारासाठी.

नुसते पाइप साफ करून एखादा तलाव सुधारलाय का कधी?

हो, झालेत, आणि ती उदाहरणं माहीत असायला हवीत म्हणजे निराशा येत नाही. अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये १९५० च्या दशकात आजूबाजूच्या गावांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडत होते, तलावावर निळं-हिरवं शेवाळ चढायला लागलं. प्राध्यापक एडमंडसन यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हे होणार. १९५८ मध्ये लोकांचं मतदान घेतलं, पहिल्यांदा प्रस्ताव पडला, त्याच वर्षी बदल करून परत आणला तेव्हा पास झाला. १९६३ ते १९६८ या काळात सगळं सांडपाणी तलावाबाहेर वळवलं. सगळ्यात वाईट काळात पाणी किती नितळ आहे ते बघायला सोडलेली पांढरी तबकडी मीटरभर खालीसुद्धा दिसायची नाही, आणि वळवल्यावर दहा वर्षांच्या आत ती कितीतरी मीटर खोल दिसायला लागली.

पण हा खोल तलाव होता, घाण नवीन होती आणि एकाच प्रकारची होती. सगळ्यांचं नशीब असं नसतं.

साबणाच्या पावडरीवर बंदी घातली होती म्हणतात, त्याचा काही फायदा झाला का?

झाला, चांगलाच झाला. पूर्वी कपडे धुवायच्या पावडरीत फॉस्फेट असायचं आणि ते थेट गटारातून तलावात जायचं. जपानच्या बिवा तलावात १९७७ मध्ये सूक्ष्म शेवाळाची लाल रंगाची लाट आली, त्याआधीपासूनच तिथल्या बायकांनी पावडर सोडून साधा साबण वापरायची चळवळ धरली होती, ती पेटली आणि शिगा प्रांताने १९७९ मध्ये फॉस्फरसवाल्या डिटर्जंटची विक्री आणि वापर बंद करणारा नियम केला, १ जुलै १९८० पासून लागू. घराघरातून आलेली मागणी होती म्हणून तो टिकला असं मला वाटतं. स्वित्झर्लंडने १९८६ मध्ये बंदी घातली. युरोपियन युनियनने फार उशीर केला, कपड्यांच्या पावडरीवर २०१३ पासून आणि भांडी धुवायच्या मशीनच्या पावडरीवर २०१७ पासून मर्यादा.

हे सोपं होतं कारण पर्याय तयार होता, झिओलाइट वगैरे घालून पावडर चालते. खताला असा पर्याय नाही, पिकाला फॉस्फरस लागतोच. त्यामुळे साबणाचं उदाहरण देऊन "खतावरही बंदी घाला" म्हणणारे भेटतात तेव्हा मी सहमत होऊ शकत नाही. प्रश्न खत किती, कधी, कुठे टाकायचं याचा आहे.

एरी तलाव एकदा बरा झाला होता ना? मग परत का बिघडला?

एरीची गोष्ट समजली की या विषयातलं निम्मं समजलं. १९६० च्या दशकात वर्तमानपत्रं त्याला मेलेला तलाव म्हणायची. १९७२ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी ग्रेट लेक्सच्या, म्हणजे एरीसकट पाच मोठ्या तलावांच्या, पाण्यासाठी करार केला, १९७८ मध्ये एरीसाठी वर्षाला ११,००० टन फॉस्फरसचं लक्ष्य ठरलं, सांडपाणी केंद्रांवर खर्च झाला, पावडरीतला फॉस्फेट कमी झाला, आणि १९८० च्या दशकात लक्ष्य गाठलंही. तलाव निवळला, मासेमारी परत आली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

मग १९९० च्या मध्यापासून परत उतरण लागली आणि २०११ आणि २०१५ मध्ये तर शेवाळाचे विक्रम झाले. गंमत नाही, काळजीची गोष्ट म्हणजे एकूण फॉस्फरसचा आकडा तोपर्यंत फारसा वाढलेला नव्हता. वाढला होता तो विरघळलेला फॉस्फरस. मातीला चिकटून येणारा फॉस्फरस शेवाळाला लगेच खाता येत नाही, विरघळलेला मात्र आयता ताटात वाढल्यासारखा असतो. तो का वाढला याची कारणं एकात एक गुंतलीयत: नांगरट कमी केल्यामुळे माती वाहून जाणं थांबलं हे चांगलंच झालं, पण वर टाकलेलं खत मातीत न मिसळता वरच्या थरात साचत गेलं, जमिनीखाली निचऱ्याचे पाइप वाढले त्यातून पाणी शेतातून सरळ ओढ्यात, आणि हिवाळ्यात, वसंतात जोरदार पाऊस जास्त पडायला लागला.

म्हणजे १९७० च्या दशकात कायद्याने जे मोजायचं ठरवलं ते कमी झालं आणि जे मोजायचं ठरवलंच नव्हतं त्याने तलाव परत आजारी पाडला. आता नवीन लक्ष्यात २००८ च्या तुलनेत एरीला मिळणाऱ्या मॉमी नदीतून वसंतात येणारा एकूण आणि विरघळलेला असा दोन्ही फॉस्फरस ४० टक्के कमी करायचा असं लिहिलंय. अमेरिकेतली ओहायो, मिशिगन ही राज्यं आणि कॅनडाचा ओंटारियो यांनी २०१५ मध्ये २०२५ ची मुदत घातली होती, मधला टप्पा २०२० ला २० टक्क्यांचा, तो हुकला.

शेतीसाठी कायद्यात नेमकं काय काय लिहितात?

सगळ्यात आधी वेळ. गोठलेल्या किंवा पाणी साचलेल्या जमिनीवर स्लरी (शेण-मुताचं पातळ खत) किंवा खत टाकलं तर ते मुरत नाही, पहिल्या पावसात वाहून जातं. ओहायोने २०१५ मध्ये एरीच्या पश्चिम खोऱ्यासाठी असा कायदा केला, त्यात हवामानाचा अंदाजसुद्धा घातलाय, म्हणजे २४ तासांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त पावसाची शक्यता ५० टक्क्यांच्या वर असेल तर शेणखत टाकायचं नाही. मला हा प्रकार आवडतो कारण शेतकऱ्याला तो समजायला सोपा आहे, आणि टाकलेलं खत वाहून जावं असं त्यालाही वाटत नसतंच.

पण वेळ पाळायची तर स्लरी साठवायला टाकी पाहिजे. टाकी भरली की माणूस नाइलाजाने चुकीच्या वेळी ओततो. म्हणून युरोपियन युनियनच्या १९९१ च्या नायट्रेट्स डायरेक्टिव्हमध्ये, म्हणजे शेतीतल्या नायट्रेटपासून पाणी वाचवायच्या नियमात, बंदीचा काळ आणि साठवणीची क्षमता या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत, आणि वर हेक्टरी वर्षाला शेणखतातून १७० किलो नायट्रोजनची कमाल मर्यादा.

मग काठावरची पट्टी. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २०१५ मध्ये कायदा केला की सार्वजनिक नद्या-तलावांच्या कडेला सरासरी ५० फूट कायमची झाडीगवताची पट्टी ठेवायची आणि सार्वजनिक निचरा चरांच्या कडेला साडेसोळा फूट. पट्टी वरून येणारी माती अडवते, छान काम करते, पण जमिनीखालचा निचऱ्याचा पाइप तिच्या खालून निघून जातो हे लक्षात ठेवा. नुसती पट्टी लिहून हात झटकणारा कायदा अर्धाच.

माती परीक्षण, खताचा लेखी आराखडा, खत टाकणाऱ्याला प्रशिक्षण आणि सर्टिफिकेट, हेही असतं. ओहायोत ५० एकरांच्या वर खत टाकायचं तर सर्टिफिकेट लागतं, हा २०१४ चा कायदा.

मग शेतकऱ्यालाच गुन्हेगार ठरवताय ना शेवटी?

नाही, आणि हे मी मनापासून सांगतोय. शेतकऱ्याने जे केलं ते बहुतेक वेळा त्याला शिकवलं गेलं, त्यासाठी अनुदान दिलं गेलं, बाजारभाव तसा होता म्हणून केलं. काही जमिनींत फॉस्फरस दोन पिढ्यांपासून साचलाय, आज कसणाऱ्याचा त्यात दोष किती? पण दोष नाही म्हणजे जबाबदारी नाही असंही होत नाही, तलावाचं पाणी पिणाऱ्या माणसाचा तर त्याहून कमी दोष आहे.

चांगला कायदा इथे दोन कामं करतो. बदलायला लागणारा पैसा आणि मुदत देतो, टाकी बांधायला, पट्टीखाली गेलेल्या जमिनीची भरपाई द्यायला. आणि मुदत संपली की सगळ्यांना सारखा लागू होतो, म्हणजे जो शेतकरी आधीपासून नीट करत होता त्याला शेजाऱ्यापेक्षा तोटा होत नाही. हा दुसरा मुद्दा शेतकऱ्यांच्याच बाजूचा आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं.

सक्ती कशाला? समजावून सांगितलं, अनुदान दिलं तर लोक करतातच की.

काही जण करतात. अडचण अशी की ऐच्छिक योजनेत आधीच काळजी घेणारे लोक येतात आणि ज्या थोड्या शेतांतून सगळ्यात जास्त वाहून येतं ती बाहेर राहतात. पाणलोट क्षेत्रातल्या थोड्या जमिनीतून मोठा वाटा येतो हे वारंवार दिसलेलं आहे, त्यामुळे नेमकी तीच जमीन सुटली तर बाकीच्यांची मेहनत वाया.

डेन्मार्कने १९८० च्या दशकाच्या शेवटी सक्तीची वाट धरली, प्रत्येक शेताचा खताचा हिशेब सरकारला द्यावा लागतो, आणि १९९० पासून तिथून समुद्रात जाणारा नायट्रोजन साधारण निम्म्यावर आला. तरी त्यांच्या किनाऱ्यावरच्या खाड्या अजून पूर्ण बऱ्या नाहीत, म्हणजे सक्ती केली की झालं असंही नाही.

फ्लोरिडातला एक नमुना मला फार महत्त्वाचा वाटतो. एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशाच्या वरच्या अंगाला जो ऊस-भाजीपाल्याचा मोठा पट्टा आहे त्याला १९९४ च्या कायद्याने सांगितलं की सगळ्या पट्ट्याने मिळून फॉस्फरस पूर्वीपेक्षा २५ टक्के कमी करायचा, कसा करायचा ते शेतकऱ्यांनी ठरवावं, जास्त केला तर करात सवलत. पट्ट्याने बहुतेक वर्षी २५ टक्क्यांच्या वरच कपात दाखवली. मोजमाप बाहेर पडणाऱ्या पाण्याचं होतं, कागदावरच्या आराखड्याचं नव्हतं, म्हणून ते चाललं.

तलावासाठी एक आकडा ठरवून दिला की पुरतं का?

आकडा लागतोच, पण आकडा म्हणजे काम नव्हे. फ्लोरिडातल्याच ओकीचोबी तलावासाठी २००१ मध्ये वर्षाला १४० टन फॉस्फरसची मर्यादा ठरली, २०१५ पर्यंत गाठायची होती. नाही गाठली, बहुतेक वर्षी येणारा फॉस्फरस दुपटीच्याही वर. आकडा तलावासाठी होता, पण कुठल्या जमिनीने किती कमी करायचं आणि नाही केलं तर काय, हे तेवढं पक्कं नव्हतं.

खताचा कोटा आणि त्याची खरेदी-विक्री म्हणतात ते काय असतं?

न्यूझीलंडचा टाउपो. तिथे प्रत्येक शेताला २००१ ते २००५ या वर्षांत त्यातून किती नायट्रोजन झिरपला त्यावरून नायट्रोजनचा कोटा दिला, कोटा आपसात विकता येतो, आणि शिवाय सार्वजनिक पैशातून एक निधी करून माणसाच्या कामांमुळे येणारा नायट्रोजन २० टक्के कायमचा विकत घेऊन बंद केला. बरेच लोक विचारतात, ज्याने आधी जास्त प्रदूषण केलं त्यालाच जास्त कोटा, हा कुठला न्याय? बरोबर आहे तक्रार. ज्यांची जमीन तेव्हा जंगलाखाली होती, त्यात माओरी, म्हणजे तिथले मूळनिवासी, जमीनमालक बरेच, त्यांच्या वाट्याला थोडंच आलं, आणि हा सल अजून आहे. कोट्याचा कायदा लिहिताना पहिली वाटणी कशी होणार हे वाचल्याशिवाय सही करू नये.

माझ्याकडे शेत नाही, घरापुढे हिरवळ आहे. माझा काय संबंध?

मिनेसोटात २००५ पासून राज्यभर हिरवळीवर फॉस्फरसवालं खत टाकायला बंदी आहे, नवीन हिरवळ लावत असाल किंवा माती परीक्षणात कमतरता दिसली तरच सूट. बहुतेक जुन्या हिरवळींना त्याची गरजच नसते. कापलेलं गवत आणि पडलेली पानं रस्त्याकडेच्या गटारात लोटू नका, त्यातूनही फॉस्फरस सुटतो. शोषखड्डा वेळेवर उपसा.

तलावालाच कायद्याने हक्क दिले तर?

टोलेडोच्या लोकांनी २०१९ च्या फेब्रुवारीत मतदान करून एरी तलावाला हक्क देणारी सनद मंजूर केली, तीन दिवस नळाचं पाणी पिता न आलेल्या शहराचा राग होता तो, आणि तो मला समजतो. वर्षभरात, २०२० च्या फेब्रुवारीत, फेडरल न्यायाधीशांनी ती रद्द केली, शब्द फार मोघम आहेत आणि शहराच्या अधिकाराबाहेर जातंय म्हणून. तलावाचं पाणलोट क्षेत्र शहराच्या हद्दीत मावत नाही, त्यामुळे एकट्या शहराचा नियम तोकडाच पडतो. भावना कितीही खरी असली तरी कायदा ज्या पातळीवर पाणी गोळा होतं त्या पातळीवर करावा लागतो.

कायदा झाला की किती दिवसांत पाणी निवळेल?

दिवसांत नाही. कमीत कमी पाच-दहा वर्षं धरा, उथळ तलावाला त्याहून जास्त. कारण तळाच्या गाळात वर्षानुवर्षं फॉस्फरस साठलेला असतो, उन्हाळ्यात तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातल्या लोखंडाची पकड सुटते आणि तो फॉस्फरस परत वर येतो, बाहेरून एक थेंब आला नाही तरी. शेतांच्या मातीतही तसाच साठा. आणि टाउपोसारख्या ठिकाणी भूजल इतकं हळू चालतं की आज मुरलेला नायट्रोजन काही दशकांनी तलावात पोचतो.

हे लोकांना पहिल्या दिवशीच सांगायला हवं. नाहीतर चौथ्या वर्षी हिरवं पाणी बघून कुणीतरी म्हणतं की कायदा फसला, रद्द करा, आणि बरं होण्याच्या बेतात असलेला तलाव परत सोडून दिला जातो. म्हणून मध्ये मध्ये दाखवता येतील अशी मापं हवीत, ओढ्यातला फॉस्फरस किती उतरला, किती टाक्या बांधल्या, तलावाचा रंग सगळ्यात शेवटी बदलतो.

तुरटीसारखं काही टाकून किंवा गाळ काढून पटकन होत नाही का?

होतं, छोट्या तलावात. अ‍ॅल्युमिनियमचं क्षार टाकलं की फॉस्फरस तळाशी बांधला जातो, स्वीडनच्या ट्रुमेन तलावातला गाळ १९७० च्या सुमारास उपसला आणि फरक पडला. पण वरून येणं चालू ठेवून हे केलं तर काही वर्षांनी परत तेच. आधी नळ बंद करा, मग फरशी पुसा.

तलाव जास्तच स्वच्छ होऊन मासे कमी होतात म्हणे, खरं का?

बोडनसे, म्हणजे जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया यांच्या मधला तलाव, तिथे हा वाद खरोखर चालू आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी फॉस्फरस लिटरला ८० मायक्रोग्रॅमच्या वर गेला होता, काठावरच्या देशांनी मिळून सांडपाण्यावर काम केलं आणि आता तो १० च्या खाली. मासेमारांची पकड खूप कमी झाली, त्यांनी थोडा फॉस्फरस वाढवू द्या अशी मागणी केली, ती मान्य झाली नाही. त्यांचं दुःख खोटं नाही, कित्येकांचा पिढीजात धंदा गेला. पण तो मूळचाच कमी फॉस्फरसचा तलाव आहे, मधली भरघोस वर्षं ही प्रदूषणाची देणगी होती, आणि लाखो लोक त्याचं पाणी पितात. मासेमारांना वेगळी मदत द्यायला हवी, तलाव बिघडवून नाही.

कायदा कागदावरच राहिला तर कोण विचारणार?

ज्याचं नाव जबाबदार म्हणून लिहिलंय त्याला विचारता येतं, नाव नसेल तर कुणालाच नाही. वूशीने २००७ च्या संकटानंतर प्रत्येक नदीला एक अधिकारी नेमला, त्या नदीची अवस्था ही त्याची वैयक्तिक जबाबदारी, पुढे ही पद्धत देशभर गेली. युरोपात देशांच्याही वरचं, युरोपियन युनियनचं न्यायालय आहे, जर्मनीने नायट्रेटवर पुरेसं केलं नाही असा निकाल २०१८ मध्ये लागला आणि २०२० मध्ये जर्मनीला खताचे नियम कडक करावे लागले, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले तरीही.

आणि मोजमाप उघडं ठेवा. ओढ्यावर बसवलेल्या मीटरचे आकडे कुणालाही बघता आले की काठावरची माणसंच निम्मी देखरेख करतात.

कायद्याचा मसुदा हातात पडला, वेळ कमी आहे, आधी काय वाचू?

व्याख्यांचं पान आणि सूट दिलेल्यांचं पान. उद्देशाचं पहिलं पान सगळ्यांचं सुंदरच असतं, त्यात वेळ घालवू नका. "स्रोत" या शब्दाच्या व्याख्येत शेत, गोठा आणि निचऱ्याचा पाइप येतो का ते बघा. फॉस्फरस म्हटलंय तिथे एकूण की विरघळलेला की दोन्ही, ते बघा. "शक्य तितक्या प्रमाणात", "योग्य त्या उपाययोजना" असे शब्द दिसले की पेन्सिलने खूण करा आणि सुनावणीत विचारा की किती, कधीपर्यंत आणि कोण. पैशाचं कलम आहे का आणि तो पैसा एका वर्षाचा की कायमचा, ते बघा. मग मोजणार कुठे ते, ओढ्याच्या तोंडाशी की फक्त तलावाच्या मध्यावर, कारण तलावाच्या मध्यावर कळेपर्यंत दहा वर्षं गेलेली असतात. सूचना लेखी द्या, मुदतीच्या आत द्या, आणि पोच घ्या.